५० लिटरची मरीन टाकी, सम्प नाही: घरगुती शेवाळ फिल्टर कोणता बांधावा?

कोपऱ्यातली_टाकी

टाकी ६० × ३० × ३५ सेंमी, दगड-वाळू वजा जाता पाणी साधारण ५० लिटर. ७ किलो लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले समुद्री दगड). दोन क्लाउनफिश, एक गोबी, एक क्लीनर श्रिंप. खाणं रोज अर्धा क्यूब फ्रोझन मायसिस (बारीक कोळंबी). नायट्रेट ४० पीपीएम, फॉस्फेट ०.२५. क्षारता (विशिष्ट गुरुत्व) १.०२५, तापमान २७. पाणी आरओ-डीआय फिल्टरचं, टीडीएस (विरघळलेले क्षार) ०.

खाली सम्प (फिल्टरसाठीची वेगळी टाकी) नाही आणि ठेवायला जागाही नाही. काचेवर आणि दगडांवर हिरवे केस वाढायला लागलेत. तेच शेवाळ एका जाळीवर वाढवून काढून टाकायचं, एवढं तत्त्व कळलंय. प्रश्न तीन आहेत: जाळी किती मोठी, पाणी वरून पाडायचं की खालून बुडबुडे सोडायचे, आणि लाइट कुठला? दिवसातून दीड-दोन तास वीज जाते हेही धरा.

मीठमोजणी

जाळीचं माप लिटरवर काढू नका, खाण्यावर काढा. छंदवाल्यांमध्ये चालणारा ठोकताळा असा: दिवसाला एक क्यूब खाणं असेल तर दोन्ही बाजूंनी उजेड पडणारी १२ चौरस इंच, म्हणजे ७७ चौ. सेंमी जाळी. एकाच बाजूने उजेड असेल तर दुप्पट. तुमचा अर्धा क्यूब, म्हणजे दुहेरी उजेडाला ३९ चौ. सेंमी आणि एकेरीला ७७. पोस्टकार्डापेक्षाही लहान तुकडा. नायट्रेट जास्त आहे म्हणून मोठी जाळी लावायचा मोह होईल, तो आवरा. खाणं तेवढंच असताना जाळी तिप्पट केली की वाढ विरळ होते, पिवळी पडते आणि सुटून टाकीत तरंगते.

सम्प नसेल तर माझं मत बुडबुड्यांच्या बाजूने. टाकीच्या आत मागच्या काचेला चिकटून एक चपटी पेटी, लाइट काचेच्या बाहेरून, पेटीच्या तळाशी हवा. लागणारं सामान:

– ३ मिमी काळा ॲक्रिलिक. पेटी आतून ८ सेंमी रुंद, १२ सेंमी उंच, २.५ सेंमी खोल. काचेकडची बाजू आणि तळ उघडे ठेवा.
– भरतकामाची प्लास्टिकची जाळी, इंचाला ७ भोकांची, ८ × १० सेंमी. पुण्यात असाल तर रविवार पेठेत क्राफ्टच्या दुकानात जाळी आणि पलीकडे बोहरी आळीत बाकीचं हार्डवेअर, एका फेरीत काम होतं.
– ३ ते ४ लिटर/मिनिटचा एअर पंप, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, ६ मिमीची कडक नळी.
– दोन जोड्या प्लास्टिकमध्ये पूर्ण बंद केलेले चुंबक. उघडं निओडिमियम खाऱ्या पाण्यात काही आठवड्यांत गंजून फुटतं.

ॲक्रिलिक सिलिकॉनने जोडू नका. काचेला घट्ट बसणारं सिलिकॉन ॲक्रिलिकवरून महिन्या-दोन महिन्यांत सोलून निघतं. ॲक्रिलिकचं काम करणारे जे पाण्यासारखं पातळ सॉल्व्हंट वापरतात ते सिरिंजने सांध्यात सोडा, खिडकी उघडी ठेवून. पेटी पूर्ण वाळल्यावर एक दिवस साध्या पाण्यात भिजवा, मगच टाकीत.

जाळी आहे तशी बसवली तर सगळी मेहनत वाया. ती गुळगुळीत असते, शेवाळाला पकड मिळत नाही. लाकूड कापायच्या करवतीचं पातं आडवं धरून दोन्ही दिशांनी खरवडा, प्लास्टिकचे तंतू निवडुंगाच्या काट्यांसारखे उभे राहीपर्यंत. बोट फिरवल्यावर टोचलं पाहिजे. मग ती पेटीच्या मागच्या भिंतीला, काचेकडे तोंड करून, चार कोपऱ्यांत केबल टायने बांधा. स्टीलचा स्क्रू, तांब्याची तार, गॅल्व्हनाइझ्ड काहीही नको. तांबं श्रिंपला मारतं आणि शेवाळालाही.

हवेसाठी लाकडी किंवा दगडी एअरस्टोन लावू नका, मिठाने बुजतात. कडक नळीचं एक टोक बंद करा, १ मिमी ड्रिलने दर सेंटिमीटरला एक भोक पाडा आणि ती तळाशी आडवी बसवा. बुडबुडे मोठे हवेत. ते जाळीवर घासत गेले की शेवाळाभोवतीचं साचलेलं पाणी हलतं, हाच त्यांचा उपयोग. पेटीचा वरचा काठ पाण्याच्या २ सेंमी वर ठेवा, पाण्याच्या पातळीला दोन खाचा पाडा आणि वर सैल झाकण टाका. झाकण नसेल तर शिंतोड्यांचं मीठ लाइटवर, वायरवर, भिंतीवर सगळीकडे चढतं.

एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगा. व्हॉल्व्ह असला तरी. वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं येतं आणि व्हॉल्व्हमध्ये मिठाचा एक खडा अडकला की तो व्हॉल्व्ह राहत नाही.

धबधबा

वरचं बहुतेक मान्य, पण पाणी पाडण्याचा प्रकार इतक्या लवकर बाद करू नका. दोन्ही बाजूंनी उजेड मिळतो, पातळ थरातून पाणी धावतं, वाढ जोमदार येते. मुळात वॉल्टर एडी यांनी स्मिथसोनियनमध्ये ही पद्धत उभी केली, पेटंट १९८२ चं, तेव्हाही भरलेली बादली उलटून जाळीवरून लाट सोडायची अशीच रचना होती.

माप: ८ सेंमी रुंद, ५-६ सेंमी उंच. प्रवाह रुंदीच्या प्रत्येक सेंटिमीटरला ताशी ५० लिटर धरा, म्हणजे ताशी ४०० लिटर जाळीवर पोचले पाहिजेत. मोटरच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. ४०-५० सेंमी चढवायचं तर ताशी ८०० लिटरची घ्या आणि बादली-घड्याळ लावून मोजा: ५ लिटरची बादली ४५ सेकंदांत भरली तर बरोबर.

अर्धा इंची यूपीव्हीसी पाइप, एक टोक बंद, खालच्या अंगाला ८ सेंमी लांब आणि ३ मिमी रुंद खाच. खाच सरळ यायला पाइप टेबलावर दाबून धरा आणि पेन टेबलावर आडवा टेकवून ओढा, रेष आपोआप सरळ येते. जाळीचा वरचा काठ खाचेत ५ मिमी आत. पाइपभोवती काळी टेप गुंडाळा, नाहीतर उजेड खाचेत शिरतो, शेवाळ तिथेच रुजतं आणि पडदा मधून फाटल्यासारखा दोन धारांत पडतो.

मागे लटकवायची बंद पेटी मात्र टाळा. सुटलेला एक झुपका ड्रेनच्या भोकावर बसला की ताशी ४०० लिटर फरशीवर. त्यापेक्षा पेटीला तळच ठेवू नका: टाकीच्या काठावर टांगा, जाळीचं खालचं टोक पाण्यात १ सेंमी बुडवा. आवाजही येत नाही.

मीठमोजणी

तळ नसलेली पेटी चांगली, पण वीज जाते हे त्यांनी लिहिलंय. उन्हाळ्यात पंख्याखाली दीड-दोन तासांत जाळी वरून सुकायला लागते, आणि सुकलेला भाग मरून पुढच्या दोन दिवसांत पाण्यात उतरतो. बुडालेल्या जाळीला हवा चार तास बंद राहिली तरी काही होत नाही. शिवाय धबधब्याने बाष्पीभवन वाढतं. ५० लिटरच्या टाकीत दिवसाला लिटरभर पाणी उडालं की क्षारता १.०२५ वरून साधारण १.०२५५ होते. दोन दिवस भर घालायला विसरलात तर श्रिंपला जाणवतं.

धबधबा

वीज जाते ते नजरेतून सुटलं. मग बुडबुडे.

ड्रायव्हरवाला

लाइटबद्दल. ६६० नॅनोमीटरचे लाल एलईडी, ३ वॉटचे, चार नग, २.५ सेंमी रुंद ॲल्युमिनियम चॅनेलवर थर्मल पेस्ट लावून. जांभळट 'ग्रो लाइट' बल्बनेही वाढ होते, पण त्यातला बराच उजेड जाळीच्या बाहेर सांडतो आणि तुमच्या काचेवरच शेवाळ वाढवतो.

इथे हमखास एक चूक होते. '४–७ × ३ वॉट, ६०० मिलीअँप' असं लिहिलेला ड्रायव्हर (एलईडीला ठरावीक करंट देणारा डबा) लोक चार एलईडींना लावतात. तो आकडा पांढऱ्या एलईडींचा असतो, जे प्रत्येकी ३ व्होल्टच्या वर घेतात. लाल एलईडी साधारण २.२ व्होल्ट घेतो. चार मिळून ९ व्होल्ट, आणि त्या ड्रायव्हरची सुरुवातच १२ पासून. मग लुकलुकतं किंवा लागतच नाही आणि दोष एलईडीवर जातो. चार लालसाठी '१–३ × ३ वॉट' वाला घ्या आणि त्याच्या लेबलवर आउटपुट ९-१० व्होल्टपर्यंत आहे ना ते वाचा. प्रत्यक्ष खर्च होतो ५ ते साडेपाच वॉट, अर्ध्या क्यूबला पुरेसा.

ड्रायव्हर टाकीपासून लांब, वायरला सॉकेटच्या खाली झोका देऊन, म्हणजे ओघळलेला थेंब सॉकेटमध्ये न जाता खाली पडेल. त्या सॉकेटच्या मागे ३० मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच.

टायमर: पहिले दोन आठवडे ९ तास, मग वाढवत १६ ते १८. सलग २४ तास नको. टाकीचा मुख्य लाइट बंद असताना हा चालू ठेवा. रात्री श्वसनामुळे पाण्याचा पीएच उतरतो, तेव्हा हे शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून तो थोडा सावरतं.

कोपऱ्यातली_टाकी

बुडबुड्यांचा प्रकार बांधला. १६ दिवस झाले. जाळीवर हिरवं काही नाही, तपकिरी, जवळपास काळा, शेंबडासारखा थर. नायट्रेट अजून ४०, फॉस्फेट ०.१८. लाइट ९ तासच आहे. उपटून टाकू?

मीठमोजणी

उपटू नका. आधी डायटम (तपकिरी सूक्ष्म शेवाळ) येतात, मग हा काळपट थर, मग हिरवं. काळं म्हणजे पाण्यात खत (नायट्रेट-फॉस्फेट) भरपूर आणि त्या मानाने उजेड कमी. टायमर १४ तासांवर न्या. थर नळाखाली बोटांनी हलकेच धुवा, ब्रश नको, कारण तंतूंच्या बुडाशी जे हिरवे ठिपके धरलेत तेच पुढचं बियाणं. नळाचं गोडं पाणी इथे मुद्दाम वापरायचं: जाळीत लपलेले, शेवाळ कुरतडणारे बारीक किडे त्याने मरतात. पाणी झटकून परत लावा.

नंतर हिरवं आलं की ७ ते १० दिवसांनी कापणी. जाड होऊ दिलं तर वरचा थर सावली करतो, खालची मुळं मरतात आणि एक दिवस अख्खी गादी सुटते. प्लास्टिकच्या जुन्या कार्डाने खरवडा, दाढी केल्यावर उरतात तेवढे खुंट ठेवा. पेटीसमोरची काचही प्रत्येक वेळी पुसा, नाहीतर महिन्याभरात उजेड जाळीपर्यंत पोचतच नाही. वाढ पिवळी, रबरासारखी आली तर उलटं: उजेड जास्त, खत कमी. टायमर मागे घ्या.

आता तुमच्या आकड्यांकडे बघा. शेवाळ १ पीपीएम फॉस्फेट घेतं तेव्हा नायट्रेट ढोबळमानाने १० ते २० पीपीएम घेतं. तुमच्याकडे उरलंय ०.१८. त्यावर नायट्रेट दोन-चार पीपीएमने उतरेल आणि फॉस्फेट संपल्यावर वाढ अडेल. खाण्यातून आणि दगडांतून थोडं फॉस्फेट येत राहतं म्हणून गाडी चालू राहते, पण ४० चे ५ ही जाळी एकटी करणार नाही. आठवड्याला एक असे ३०% पाणीबदल तीन करा: ४० चे २८, मग २०, मग १४. तिथून पुढे जाळी सांभाळेल. फॉस्फेट शोषणारं माध्यम या काळात अजिबात टाकू नका, ते शेवाळाच्याच ताटातलं काढून घेतं.

ड्रायव्हरवाला

आणि पाणी हलकं पिवळं दिसायला लागलं तर घाबरू नका, कापणीच्या वेळी तुटलेल्या पेशींचा रस आहे. पेटी बाहेर काढूनच खरवडा आणि दोन चमचे ॲक्टिव्हेटेड कार्बन जाळीच्या पिशवीत, तीन-चार दिवस.

कोपऱ्यातली_टाकी

टायमर १४ वर नेला, पहिला पाणीबदल केला. थर धुताना खाली हिरवे ठिपके दिसले, डाव्या कडेला जास्त. उजवीकडे बुडबुडेच कमी आहेत.

धबधबा

नळी उजवीकडे किंचित खाली झुकलेली असणार. हवा उंच टोकाच्या भोकांतून आधी निघते. पेटी लेव्हलमध्ये आणा. तरी फरक राहिला तर बंद टोकाकडची शेवटची दोन भोकं दीड मिमीची करा.