मदत हवी आहे: खाडीच्या गाळातून लोह सुटलं, मग गायब का झालं?

नमस्कार. राहायला ऐरोलीत. लेक बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पाचा विषय: समुद्रतळाचा गाळ वरच्या पाण्याला धातू पुरवतो का? खोल समुद्रात कोण नेणार, म्हणून दिवा कोळीवाड्यातल्या ओळखीच्या काकांनी ओहोटीला खाडीतल्या गाळाचा वरचा तपकिरी थर काढून दिला. पाणीही तिथलंच.

दोन काचेच्या बरण्या, दोन्हींत चार बोटं गाळ, वर खाडीचं पाणी. पहिलीत माशांच्या टाकीचा एअर पंप, दुसरीचं झाकण घट्ट. पाण्यातलं लोह तपासायचं किट आणलंय. लोह असेल तर नारिंगी रंग येतो.

पंपाच्या बरणीत तीन आठवडे रंग नाही. फक्त गाळावर तांबूस साय धरलीय. बंद बरणीत पाचव्या दिवसापासून नारिंगी, दहाव्या दिवशी चांगलाच गडद. इथपर्यंत आम्हाला उमगलं: गाळातले जिवाणू सडका पाचोळा खाताना आधी प्राणवायू संपवतात, मग नायट्रेट, मग मँगनीज आणि लोहाचे ऑक्साइड श्वासाला वापरतात. गंजाच्या रूपातलं लोह विरघळत नाही. त्याला एक इलेक्ट्रॉन मिळाला की विरघळतं आणि वरच्या पाण्यात झिरपतं.

अडलंय ते पुढे. पंधराव्या दिवसापासून बंद बरणीतला रंग फिका होत गेला, आता जवळजवळ नाहीच. गाळ काळाकुट्ट झालाय आणि झाकण उघडलं की सडक्या अंड्यांचा वास. प्राणवायू तर अजिबात उरला नसणार, मग लोह वाढायला हवं ना? लेकीला वाटतं तिचंच काही चुकलं, शेवटचे आकडे वहीतून काढून टाकावेत. मला ते पटत नाही. सोमवारी वही द्यायची आहे, जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

काका, एकही आकडा काढू देऊ नका. सहज वापरता येणारे लोहाचे ऑक्साइड संपत आले की सल्फेटवर जगणारे जिवाणू जोर धरतात. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर, लिटरला साधारण २.७ ग्रॅम. त्यातून हायड्रोजन सल्फाइड होतो, वास त्याचाच. तो लोहाला धरून काळं, न विरघळणारं आयर्न सल्फाइड बनवतो. गाळाने दिलेलं लोह गाळानेच परत घेतलं. तांबं, जस्त, कॅडमियमही असेच अडकतात. मँगनीज मात्र बहुतांशी सुटं राहतं, तेही मोजून बघा.

पंपाच्या बरणीतली साय म्हणजे वर येता येता पुन्हा गंजलेलं लोह. समुद्रतळावरही हेच झाकण असतं. म्हणून लोह जास्त निसटतं ते मधल्या अवस्थेत: तळाच्या पाण्यात प्राणवायू नावापुरता, पण सल्फाइड अजून साचलेला नाही. अरबी समुद्रात साधारण १५० ते १००० मीटर खोलीवर प्राणवायूचा दुष्काळी पट्टा आहे. आपल्या किनाऱ्यापलीकडे तळ जिथे उतरत जातो, तिथे तो गाळाला टेकतो.

एक विचारतो: नमुना काढल्यावर किती वेळाने तपासता? हवा लागली की समुद्राच्या पाण्यात हे लोह काही मिनिटांत गंजतं.

धागाकर्ता

सिरिंजने गाळाजवळचं पाणी काढून लगेच किटमध्ये, दोन मिनिटांच्या आत. वही पुन्हा पाहिली. वास आल्याची नोंद चौदाव्या दिवसाची आहे, रंग उतरू लागला पंधराव्या. लेक आत्ताच मँगनीजचं किट आणायला ठाण्याला गेली.