मदत हवी आहे: कौलारू घरातली झोपायची खोली ऑफिससाठी सुधारायची आहे, बजेट ३००० रुपये

नमस्कार मंडळी. मी वडगावात राहतो (बेळगावचं वडगाव, पुण्याचं नव्हे). नोकरी पुण्याच्या कंपनीत, काम घरून. घर आजोबांच्या वेळचं: मातीच्या जाड भिंती, वर मंगळुरी कौलं. माझी खोली मधली, दहा बाय आठ, एकच खिडकी आणि तीही बोळाकडे. झोपणं आणि काम दोन्ही तिथंच.

टेबल मीच केलंय. आईच्या जुन्या शिलाई मशीनचं लोखंडी स्टँड, त्यावर वखारीतून आणलेली प्लायवूडची फळी. दिसायला झकास, पण उंची भरली ३१ इंच. खुर्ची १६ इंचांची. संध्याकाळपर्यंत खांदे कानाला लागतात.

दुसरं म्हणजे आवाज. शेजारी पॉवरलूम आहे. माग सुरू झाले की टेबलावरच्या पेल्यातल्या पाण्यावर वर्तुळं उठतात आणि मीटिंगमध्ये लोक विचारतात, "रेल्वेत आहेस काय?" करंट गेला की माग थांबतात, पण मग नेटही जातं! भिंतीवर आईची वाकळ टांगून बघितली. खोली घुमायची कमी झाली, खटखट आहे तशीच.

तिसरी भिंतीची ओल. गेल्या वर्षी एका पेंटरच्या सल्ल्यानं खालच्या तीन फुटांना ऑइलपेंट मारला. श्रावणात त्याला फुगे आले, बोटानं दाबलं की आतून ओली माती. आता पापुद्रे पलंगावर पडतात.

उजेडाचं तर विचारूच नका, भर दुपारी ट्यूब लावावी लागते. खिडकी पाठीमागे असल्यामुळे कॅमेऱ्यात माझं तोंड काळं ठिक्कर. ३००० मध्ये आधी काय करू?

प्रतिसाद १
भिंतीचं आधी बघा. मातीच्या भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट लागते, ऑइलपेंटनं ती तुम्ही बंद केलीत. सगळा खरवडून काढा, थंडीभर भिंत उघडी सुकू द्या, मग चुना. चुन्याची कळी आदल्या दिवशी भिजवून, कापडातून गाळून, पातळ दोन-तीन हात मारायचे. कळी भिजवताना उकळते, डोळे सांभाळा. आणि बाहेर जाऊन बघा की ओ, पागोळ्या भिंतीच्या बुडाशी पडतात काय? तिथं उतार काढला नाही तर चुनाही टिकणार नाही. पलंग भिंतीपासून वीतभर लांब ठेवा.

प्रतिसाद २
शेजारची आणि तुमची भिंत सामाईक ना? मग वर आढ्याकडे बघा. आमच्या शहापुरातल्या घरात भिंत कौलांपर्यंत पोचतच नव्हती, वर हातभर फट. आवाज तिथून येत होता, खाली वाकळ टांगून काय उपयोग! आम्ही प्लायचे तुकडे ठोकले, कडेला काथ्या कोंबला. चिंध्यांची पोती कोंबू नका, उंदीर बाळंत होतात. माग पूर्ण गप्प होणार नाहीत, पण तोंडाजवळ माइक येणारा वायरचा इअरफोन घेतलात तर मीटिंग निभावेल. टेबल थरथरतं त्यासाठी जुन्या हवाई चपलेचे तुकडे पायांखाली.

प्रतिसाद ३
मशीनचं स्टँड कापू नका हो, पाप लागेल. खुर्चीवर घट्ट उशी घालून स्वतः वर या, कोपर फळीच्या पातळीला आलं पाहिजे. पाय लोंबकळतील, तर खाली जेवायला बसायचा पाट. लॅपटॉप पुस्तकांवर चढवून वेगळा कीबोर्ड घ्या. टेबल वळवून खिडकी डाव्या हाताला आणा, यात एक रुपयाही जात नाही. वर दोन काचेची कौलं बसवा, पण उत्तरेच्या उतारावर. दक्षिणेला बसवलीत तर दुपारी उन्हाचा कवडसा थेट स्क्रीनवर. आणि पावसात कौलांवर चढू नका, शेवाळ असतं.

धागाकर्ता
सगळ्यांना धन्यवाद. आढ्याशी खरंच फट निघाली, शेजारच्यांची ट्यूब दिसते तिथून! इतकी वर्षं मांजर तिथूनच येत होती, हे आज कळलं. टेबल फिरवलं, पाट आणला, चपलेचे तुकडे घातले. पेल्यातलं पाणी अजून हलतं, पण स्क्रीन हलायची थांबली. कौलं दसऱ्यानंतर.

एक राहिलं. वाकळ आईनं परत मागितली आहे, थंडीत पांघरायला लागते म्हणते. तिच्या जागी गोणपाट दुहेरी शिवून टांगलं तर घुमणं कमी होईल काय? कुणी करून बघितलंय?