चाळिशीनंतर शिडाची होडी शिकायची आहे. जुनी लेझर घेऊ का?

फोंड्याची बाई

नमस्कार मंडळी. मी फोंड्यात हायस्कूलला गणित शिकवते, वय चव्वेचाळीस. पोहता येतं, पण विहिरीतलं. काठ हाताशी असतो ते. मे महिन्यात दोनापावलला शिडाच्या छोट्या होड्या पाहिल्या आणि डोक्यात तेच बसलं. शिवोलीचे एक गृहस्थ आपली जुनी लेझर, म्हणजे एकट्याने चालवायची छोटी शिडाची होडी, विकताहेत. किंमत माझ्या आवाक्यातली आहे. नवरा म्हणतो, आधी स्कूटर नीट लावायला शीक.

विचारायचं ते असं. होडी आधी घ्यावी की आधी शिकावं? वाऱ्याच्या विरुद्ध होडी जाते ती नेमकी कशी? बलांची आकृती मी काढते, पण प्रत्यक्षात दोर कधी ओढायचा आणि कधी सोडायचा हे आकृतीत दिसत नाही. आणि भाऊ म्हणतो सकाळी समुद्र शांत असतो, नवख्याने सकाळीच जावं. खरं का?

शिवोलीकर

बाई, लेझर बघायला जाल तेव्हा बादलीभर पाणी मागून घ्या. डोलकाठी बसते त्या भोकात पाणी भरा आणि चहा घ्या. पाणी उतरलं तर तळाशी चीर आहे. नमस्कार करून परत या. मग डेकवर अंगठ्याने दाबत फिरा, विशेषतः बसायच्या जागी. दबल्यासारखं लागलं तर आतला फोम भिजलाय. कोरडा हल (होडीचं नुसतं धड) साठ किलोच्या आतबाहेर असतो. दोघांना तो उचलताना घाम फुटला तर आत पाणी आहे, विकणारा काही म्हणो.

दुसरं, शीड कुठलं देताहेत ते विचारा. मोठं शीड ७.०६ चौरस मीटरचं, रेडियल ५.७६ चं. हल तोच, फक्त डोलकाठीचा खालचा तुकडा वेगळा. तुमचं वजन साठ किलोच्या आसपास असेल तर रेडियलच मागा. नेत्रा कुमनन टोकियो ऑलिम्पिकला उतरली ती रेडियलवरच. (२०१९पासून या होडीचं अधिकृत नाव इल्का झालंय, पण अजून सगळे लेझरच म्हणतात.)

चिखलीचा तांडेल

नौदलातून निवृत्त होऊन चिखलीला राहतो. शिवोलीकरांनी होडीचं बरोबर सांगितलं, पण ताई, होडी आत्ता घेऊच नका. करंझाळेला नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ वॉटरस्पोर्ट्स आहे, तिथे शिडाच्या प्रशिक्षणाची चौकशी करा. दोघांच्या होडीत जाणत्या माणसाबरोबर बसा. लेझर एकट्याची होडी, शिकवणारा दुसऱ्या होडीतून ओरडतो आणि वाऱ्यात ऐकू काही येत नाही.

आता दोर. शीड होडीला पुढे तर ढकलतंच, पण त्याहून जास्त आडवं ढकलतं. मधली फळी पाण्यात खाली असते ती आडवं जाऊ देत नाही, म्हणून उरलेला जोर पुढे लागतो. फळी वर राहिली तर होडी खेकड्यासारखी सरकते. वाऱ्याच्या तोंडाला दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांत शीड भरतच नाही, म्हणून वाऱ्याच्या विरुद्ध जायचं ते नागमोडी. तुम्ही गणिताच्या बाई आहात, सरळ एक किलोमीटरसाठी किती पाणी कापायचं ते काढाच.

नियम एकच: शीड फडफडायला लागेपर्यंत दोर सोडायचा, फडफड थांबेल इतकाच ओढायचा. वारा जरा फिरला की पुन्हा हेच. नवखे दोर ओढून घट्ट धरून बसतात, होडी कलते, घाबरून आणखी ओढतात. कलली की सोडा. सोडलं की होडी उभी राहते आणि थांबते. ब्रेक म्हणून तेवढाच आहे.

सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की नाळ (होडीचं पुढचं टोक) उजवीकडे वळते. याचा विचार करत बसू नका, लांबचं एक घर धरा आणि त्याच्याकडे बघत चालवा. सुरुवात वारा आडवा घेऊन: एका बॉयापर्यंत (पाण्यातल्या तरंगत्या खुणेपर्यंत) जायचं, वाऱ्याच्या तोंडातून वळून परत. वारा पाठीवर घेऊन वळणं नंतर. त्यात बूम (शिडाच्या खालची आडवी काठी) एका फटक्यात या बाजूची त्या बाजूला येते, आणि लेझरची बूम डोक्याच्याच उंचीला असते.

भावाचं म्हणणं अर्धं खरं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सकाळी मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे. पाणी गुळगुळीत, मन खूश. पण तो तुम्हाला बाहेर नेतो, आणि ऊन चढलं की मरतो. तेव्हा ओहोटी चालू असली तर बसा मांडवीच्या तोंडाशी हात चोळत. वल्हं बरोबर हवंच. दुपारचा खारा वारा जोरदार, पण किनाऱ्याकडे आणणारा. माझं मत, नवख्याने दुपारी बाराएकला, वारा नुकता भरू लागताना उतरावं आणि भरती चालू असावी. खारा वारा आणि ओहोटी समोरासमोर आली की मांडवीच्या मुखात आखूड, उभ्या लाटा उठतात. छोट्या होडीला त्या वाईट. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जास्त, तेव्हा नदीचं मुख टाळा. पांढरे फेस सगळीकडे दिसायला लागले की परत या. जून ते सप्टेंबर नाव काढू नका.

ऑप्टिमिस्टवाल्याची आई

माझा मुलगा ऑप्टिमिस्ट चालवतो, २.३ मीटरची डब्यासारखी होडी. त्यांना सुरुवातीलाच होडी मुद्दाम उलटवायला लावतात, आणि मोठ्यांनीही तेच करावं असं मला वाटतं. दोर मोकळा, मधल्या फळीवर उभं राहायचं, कडेला धरून मागे रेलायचं, होडी हळूहळू उभी राहते. होडी सोडून किनाऱ्याकडे पोहत निघायचं नाही, कधीच. किनारा जवळ दिसतो तितका नसतो. विहिरीतलं पोहणं पुरेल, पण लाइफ जॅकेट अंगात हवं, होडीत ठेवलेलं नव्हे. आणि जाड तळव्याचे बूट घ्या, कालवं पाय कापतात.

चिखलीचा तांडेल

उलटवण्याचं पहिल्याच दिवशी नको, आई. आधी माणूस वाऱ्याकडे बघायला शिकू दे. पाण्यात पडलेल्या माणसाचं लक्ष मग दिवसभर पडण्यावरच राहतं.

ऑप्टिमिस्टवाल्याची आई

काका, उलट आहे. एकदा पडून वर आलं की भीती संपते, मग वाऱ्याकडे बघायला डोकं मोकळं राहतं. मुलांचं तरी असंच होतं.

फोंड्याची बाई

सरळ एक किलोमीटरसाठी १.४१ किलोमीटर. म्हणजे वळताना काही वाया गेलं नाही तर!

लेझर तूर्तास नाही म्हणून कळवलं. गृहस्थ म्हणाले, डिसेंबरपर्यंत थांबतो. एक शेवटचं: समोरून दुसरी शिडाची होडी आली तर कोणी बाजूला व्हायचं?

चिखलीचा तांडेल

वारा डाव्या कुशीवर घेतलेल्याने उजव्या कुशीवाल्याला वाट द्यायची. दोघांचा वारा एकाच कुशीवर असेल तर वाऱ्याकडच्याने. मागून गाठणाऱ्याने नेहमीच. हे शिडाच्या होड्यांपुरतं. पणजी-बेतीची फेरीबोट किंवा बार्ज आली तर हक्क कुणाचा हे बघत बसू नका, लांबूनच बाजू द्या. बार्जला थांबायला खूप पाणी लागतं. भरतीची वेळ मुरगावच्या कोष्टकात बघा, आणि डिसेंबरात ती लेझर बघायला जाताना मला हाक मारा. बादली मी आणतो.