यंत्रमाग कामगारांना सीपीआर (हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून करायचा प्रथमोपचार) शिकवण्यासाठी मिक्स्ड रिॲलिटीचा हेडसेट घ्यावा का?

प्रश्न (यंत्रमागधारक, पूर्व भाग, सोलापूर):
गेल्या उन्हाळ्यात पाळी बदलताना आमचा एक जॉबर (मागांची दुरुस्ती-देखभाल पाहणारा कारागीर) मागाशेजारीच कोसळला. कोणी पाणी आणले, कोणी कांदा हुंगवला, पण त्याचा श्वास चालू आहे की नाही हे पाहण्याचे आम्हां दहा जणांपैकी एकालाही सुचले नाही. त्याला भोवळ आली होती, म्हणून निभावले. आता एक विक्रेता असा हेडसेट दाखवून गेला आहे, ज्यात आपलीच फरशी दिसते आणि तिच्यावर रुग्ण पडलेला दिसतो. तेवढ्या पैशांत सरावाचे चार-पाच पुतळे येतात. काय घ्यावे?

उत्तर (निवृत्त परिचारिका):
पुतळ्याशिवाय हेडसेट घेऊ नये. प्रौढ व्यक्तीची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली दाबायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि प्रत्येक दाबानंतर ती पूर्ण वर येऊ द्यायची, हे हाताला कळावे लागते. हवेत हात हलवून ते कळत नाही. नेदरलँड्समधील लोलँड्स महोत्सवात २०१९ मध्ये ३८१ जणांवर झालेल्या चाचणीत आभासी वास्तवातून शिकलेल्यांची गती बरोबर होती (मिनिटाला ११४), पण दाबाची सरासरी खोली ४९ मिलिमीटरच भरली. समोरासमोर शिकलेल्यांची ५७ होती. अर्थात ती पूर्ण आभासी पद्धत होती. मिक्स्ड रिॲलिटीत खरा पुतळा आणि स्वतःचे हात दिसत राहतात, हा फरक मोठा आहे, मात्र विक्रेत्याच्या संचात पुतळा आहे का, हे आधी विचारावे.

उत्तर (महाविद्यालयीन प्राध्यापक):
मी पुण्यात पुतळ्यासह असा सराव केला आहे. चष्म्यावर हेडसेट नीट बसेना, दहा मिनिटांत कपाळाचा घाम भिंगावर उतरला; मे महिन्यात आपल्याकडे काय होईल, याची कल्पना करावी. तरीही एक गोष्ट पुतळ्याने कधी शिकवली नव्हती. रुग्णाभोवती गर्दी, रडारड, कोणीतरी ‘हात लावू नका’ म्हणून ओरडतो आहे, आणि त्यात १०८ ला फोन कर असे एकाकडे बोट दाखवून सांगायचे. मी पहिल्या वेळी गोंधळून नुसताच उभा राहिलो.

प्रश्नकर्ता:
आपणां दोघांचेही आभार. विक्रेत्याला विचारले, पुतळा वेगळा घ्यावा लागतो आणि सूचना फक्त इंग्रजी व हिंदीत आहेत. आमच्याकडील निम्मे कामगार घरी तेलुगू बोलतात. म्हणून दाब पुरेसा खोल गेला की ‘टक्’ वाजणारे दोन पुतळे मागवतो आहे. मात्र मागांच्या खडखडाटात ते ‘टक्’ ऐकू येणार नाही. सराव सुटीच्या दिवशी, माग बंद ठेवूनच घ्यावा लागेल. ताई, आपण येऊ शकाल का?