केव्हिंग संघटनेचं वार्तापत्र: ए३ नकाशा ए४ पानावर कसा बसवायचा?

प्रश्न: राष्ट्रीय केव्हिंग (गुहाभ्रमण) संघटनेच्या वार्तापत्राचा अंक लावतोय. ए४, मध्ये पिना, मजकूर २६ पानं. गुहेचा नकाशा ए३ वर आलाय, खाली प्रमाण १:५०० लिहिलंय. लहान करून टाकू का? आणि फोटो छापल्यावर काळेठिक्कर का होतात?

उत्तर १: ए३ चा ए४ केला की लांबी ७१ टक्के उरते, म्हणजे १:५०० चं साधारण १:७०० होतं आणि खालची ओळ खोटी ठरते. ती काढा, नकाशातच मीटरची पट्टी आखून घ्या. ती सोबतच लहान होते. ०.२५ मिमीची रेघ ०.१८ होते, चालेल. त्याहून बारीक रेघा तुटतात. जेपीजी नको, अक्षरांभोवती बुरशी आल्यासारखं दिसतं. व्हेक्टर पीडीएफच मागा (त्यात रेघा ठिपक्यांत नाही, आकार म्हणून साठवतात). उत्तर दिशा चुंबकीय की खरी, सर्वेक्षणाचं वर्ष, बीसीआरए ग्रेड (ब्रिटिश गुहा-संशोधन संघटनेची सर्वेक्षणाच्या अचूकतेची श्रेणी) हेही विचारा. नुसतं 'ग्रेड ५' अर्धवट आहे, पुढे तपशिलाचं अक्षर लागतं: ५सी, ५डी.

उत्तर २: स्क्रीन स्वतः उजळते, कागद नाही, शिवाय साध्या कागदावर शाई पसरते. फोटोतले गडद भाग थोडे उजळ करा, शाईची कमाल मर्यादा छापखान्याला विचारा. आणि मध्ये पिना म्हणजे दुमडलेल्या प्रत्येक कागदाची चार पानं, २६ ला चारने भाग जात नाही! २४ करा किंवा २८.

उत्तर ३: पीडीएफ ऑनलाइन जाणार असेल तर मोबाइल फोटोंतली जीपीएस माहिती आधीच पुसा. गुहेचं तोंड कुठे आहे हे त्यातूनच फुटतं, मग लोक घुसतात आणि जमीनमालक दार बंद करतो.