मदत हवी आहे: राष्ट्रपती नुसते सहीपुरतेच असतात का?

नमस्कार मंडळी, आम्ही सांगलीचे, विश्रामबागला राहतो. पोरीची कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा आहे, विषय 'राष्ट्रपती रबर स्टॅम्प की राखणदार', आणि मुद्दे काढायचं काम माझ्या गळ्यात पडलंय 😅

आता बघा, १९७५ ला फखरुद्दीन अली अहमद यांनी रातोरात आणीबाणीवर सही केली, मंत्रिमंडळाची बैठक व्हायच्या आधीच. आणि तेच पद, झैलसिंग यांनी राजीव गांधी सरकारचं १९८६ चं पोस्टाच्या कायद्यातल्या दुरुस्तीचं बिल (विधेयक) ना सही केलं ना परत पाठवलं, नुसतं दाबून ठेवलं, कारण राज्यघटनेच्या कलम १११ मध्ये सहीची मुदतच नाही (मला तर ही लय भारी आयडिया वाटली). मग १९९७ ला नारायणन यांनी यूपीत राष्ट्रपती राजवटीची शिफारस परत पाठवली आणि सरकारने ती सोडूनच दिली. कलामांनी २००६ ला लाभाच्या पदाचं (म्हणजे खासदारांनी कुठली सरकारी पदं घेतली तर चालतील, त्याचं) बिल परत पाठवलं, पण संसदेने तेच पुन्हा पाठवल्यावर सही करावीच लागली.

माझा प्रश्न असा की हा फरक माणसाच्या स्वभावामुळं पडतो की समोरचं सरकार आघाडीचं, कमजोर असल्यामुळं? मला दुसरं पटतं, पण मग राजीव गांधींकडं एवढं बहुमत असताना झैलसिंग कसे अडून बसले? राज्यशास्त्रवाल्यांनी जरा सांगा की, आणि पहिले राष्ट्रपती राजेंद्रबाबू आणि नेहरूंच्या हिंदू कोड बिलाच्या (हिंदूंच्या लग्न-वारशाच्या कायद्यांच्या) वादावर मराठीत काही चांगलं वाचायला असेल तर तेही सुचवा, शनिवारच्या आत हवंय.