ग्लायसिन टिकते आणि ट्रिप्टोफॅन विरते, असे का?

तापीकाठ (जळगाव)
नमस्कार. मी एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात आहे. फेरस क्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांपासून तयार होणारे हायड्रॉक्सिल मूलक (विजोड इलेक्ट्रॉन असलेले अतिक्रियाशील कण) पाण्यातील अमिनो आम्लांचे ऑक्सिडीकरण कसे करतात, हा माझ्या लघुप्रकल्पाचा विषय आहे. सामू (pH) ३ ठेवून १ मिलिमोलर ग्लायसिन व तेवढेच ट्रिप्टोफॅन वेगवेगळ्या चंबूंत घेतले आणि दोन्हींत पेरॉक्साइड १० मिलिमोलर ठेवले. कागदी क्रोमॅटोग्राफीत ट्रिप्टोफॅनचा मूळ डाग लवकरच फिका झाला, ग्लायसिनचा मात्र जवळजवळ तसाच राहिला. हा मूलक समोर येईल त्यावर तुटून पडतो असे वाचले आहे, मग हा भेदभाव कसा? आणि आमच्या यावल-रावेरकडची केळी काळी पडतात, तेही याच मूलकामुळे का?

निवृत्त अध्यापक (धुळे)
केळ्याचे आधी सांगतो, कारण त्याचा इथे संबंध नाही: तिथे पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर काम करते. आता मूळ प्रश्न. हायड्रॉक्सिल मूलक इलेक्ट्रॉनांचा भुकेला असतो. ग्लायसिनमध्ये त्याला अल्फा कार्बनवरचा हायड्रोजन ओढावा लागतो, परंतु शेजारचा अमिनो गट आम्लधर्मी द्रावणात धनप्रभारित असल्याने तो इलेक्ट्रॉन स्वतःकडे खेचून त्या हायड्रोजनाला जणू राखण बसतो. एकदा हायड्रोजन निघाला, की कार्बनवरच्या मूलकाला विरघळलेला ऑक्सिजन जोडला जातो, त्यातून हायड्रोपेरॉक्सिल मूलक बाहेर पडून इमीन (कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंधाचे संयुग) उरते, आणि पाण्याने त्याचे विघटन होऊन अमोनिया व ग्लायऑक्झिलिक आम्ल मिळते. ट्रिप्टोफॅनमध्ये एवढी वाट चालावी लागत नाही, कारण मूलक थेट त्याच्या इंडोल वलयाला (इलेक्ट्रॉनांनी समृद्ध जोडवलयाला) जोडला जातो.

किरण-रसायन (भुसावळ)
सरांचे म्हणणे मान्य, पण अर्धे उत्तर राहिले. प्रतिस्पर्धी नसेल, तर मंद अभिक्रियाही शेवटी घडतेच, म्हणून तुमच्या चंबूत मूलकाला आणखी कोण गाठते ते पाहावे. मूलकाशी होणाऱ्या अभिक्रियेचा वेग दाखवणारा दरस्थिरांक ग्लायसिनचा सुमारे १.७ कोटी, ट्रिप्टोफॅनचा सुमारे १३०० कोटी, आणि खुद्द पेरॉक्साइडचा सुमारे २.७ कोटी लिटर प्रति मोल प्रति सेकंद आहे. तुमच्या चंबूत पेरॉक्साइड दहापट आहे, म्हणजे ते ग्लायसिनपेक्षा जवळपास १६ पट मूलक गिळते. ट्रिप्टोफॅनपुढे मात्र तेच पेरॉक्साइड सुमारे ४८ पट मागे पडते. फेरस आयनही या वाटेकऱ्यांत आहेच. ग्लायसिन ५० मिलिमोलर घेऊन पेरॉक्साइड थेंबाथेंबाने घालावे, म्हणजे ते कधीही साचणार नाही.

अमिनो आम्लांचे डाग रंगवून दाखवणाऱ्या निनहायड्रिनविषयीही एक सूचना करतो. ट्रिप्टोफॅनचे वलय फुटून फॉर्मिलकायन्युरेनिन झाले, तरी त्याचा अमिनो गट शाबूत असतो आणि रंग येऊ शकतो; त्यामुळे डाग फिका झाला एवढेच न पाहता नवा डाग कुठे उमटला तेही पाहावे.

तापीकाठ
धन्यवाद, सर. बोअरच्या पाण्यात सामू न बदलता केलेल्या प्रयोगात अमोनिया ओळखण्याच्या नेसलर अभिकर्मकाने तपकिरी रंग आला, तो अमोनियाचाच समजावा का?

किरण-रसायन
घाई करू नका. नेसलर अल्कधर्मी असल्याने चंबूतले लोह तपकिरी फेरिक हायड्रॉक्साइड होऊन बसते, आणि दुष्फेन पाण्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियमही गढूळपणा आणतात. आपल्या बोअरच्या पाण्यातील बायकार्बोनेट तर मूलकही पळवते, शिवाय सामू वर ठेवून लोहाचा साका करते. आधी अमोनिया ऊर्ध्वपातनाने वेगळा करून घ्या, आणि ग्लायसिनविना तेच द्रावण घेऊन एक कोरी चाचणी करून पाहा.